व्हिडिओ उघडत नाही म्हणून डिलीट मारताय? जरा थांबा

आमच्या परळच्या सोसायटीच्या ग्रुपवर परत तो फॉरवर्ड फिरतोय, तुमच्याकडेही आला असेलच. कॉम्प्युटरवर व्हिडिओ उघडत नसेल तर त्यात व्हायरस असतो, लगेच डिलीट करा, नाहीतर नावाच्या शेवटी एमपीफोर लिहा, नाहीच झालं तर नेटवरून कोडेक पॅक टाका आणि शेवटी विंडोज फॉरमॅट मारा. खाली हात जोडलेले इमोजी. हे वाचून आमच्या शेजारच्या काकू नातवाच्या बारशाचे व्हिडिओ उडवायला निघाल्या होत्या, म्हणून लिहितोय.

आधी व्हायरसचं. न उघडणं हे व्हायरसचं लक्षणच नाही हो, उलट व्हायरसवाल्याला तुम्ही फाइल उघडायलाच हवी असते. खरी भानगड असते ती "बारसं डॉट एमपीफोर डॉट ईएक्सई" असल्या नावात, शेवटी ईएक्सई म्हणजे तो व्हिडिओ नसून प्रोग्रॅम असतो, आणि विंडोज शेवटचा तुकडा लपवून ठेवतं म्हणून ती व्हिडिओसारखी दिसते. फोल्डरच्या व्ह्यू मेन्यूत जाऊन एक्स्टेन्शन, म्हणजे हाच शेवटचा तुकडा, दाखवायची सेटिंग चालू करा, मग कळतं.

काकूंच्या पहिल्या व्हिडिओत आवाज येत होता, "बाळाला इकडे द्या" वगैरे स्पष्ट ऐकू येत होतं, पण स्क्रीन काळी. आवाज आहे आणि चित्र नाही म्हटल्यावर मी पहिला संशय कोडेकवर, म्हणजे व्हिडिओ दाबून छोटा करायच्या आणि परत उलगडायच्या पद्धतीवर घेतो. सुनेचा आयफोन, आणि 2017 च्या आयओएस 11 पासून आयफोन, जरा नवं मॉडेल असेल तर, एचईव्हीसी नावाच्या प्रकारात शूट करतो, जागा कमी लागते म्हणून. विंडोजच्या प्लेअरला तो प्रकार प्रत्येक लॅपटॉपवर येतोच असं नाही, मायक्रोसॉफ्ट स्टोअरमध्ये त्यासाठीचं जोड-सॉफ्टवेअर चक्क विकत आहे! व्हीएलसी नावाचा प्लेअर फुकट, त्यात हे सगळं आतच असतं, टाकलं आणि दोन मिनिटांत चित्र आलं. पुढच्या वेळेसाठी सुनेला फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये फॉरमॅट्स खाली "मोस्ट कम्पॅटिबल" करायला सांगितलंय.

नाव बदलायचा उपाय तर कमालच. डबेवाल्याच्या डब्यावरचा नंबर पुसून दुसरा लिहिला तर डबा भलत्या ऑफिसात जाईल, आतली भेंडी भेंडीच राहणार. प्रकार खरंच बदलायचा असेल तर हँडब्रेकसारख्या सॉफ्टवेअरमधून कन्व्हर्ट करा, आणि ओरिजिनल ठेवा.

कोडेक पॅकबद्दल जरा रागानेच सांगतो. 2005 च्या सुमारास झ्लॉब नावाचा ट्रोजन, म्हणजे कामाचं सॉफ्टवेअर असल्याचं सोंग घेऊन घुसणारा व्हायरसचाच भाऊ, पसरला तो "व्हिडिओ बघायला हा कोडेक टाका" असं सांगूनच, म्हणजे व्हायरसला घाबरवणारा हा फॉरवर्ड तिसऱ्या ओळीत स्वतःच त्याला घरी बोलावतोय. व्हीएलसीसुद्धा ते बनवणाऱ्या व्हिडिओलॅनच्या साइटवरूनच घ्या. 2022 मध्ये ती साइट भारतात बरेच महिने ब्लॉक होती, नोव्हेंबरात सुरू झाली, तेव्हा लोकांनी कुठून कुठून उतरवलं असेल देव जाणे.

फॉरमॅटचं एका वाक्यात: लॅमिंग्टन रोडला एका दुकानात काकूंना 800 रुपये सांगितले होते, आणि फॉरमॅट मारून एचईव्हीसी चाललं नसतंच.

फाइल खरोखर खराब असू शकते का, तर हो. एमपीफोरमध्ये कुठली फ्रेम कुठे आहे याची यादी असते, फोन ती साधारण रेकॉर्डिंग थांबवल्यावर लिहितो, त्यामुळे मधेच बॅटरी गेली तर डेटा असतो पण यादी नसते आणि कुठलाच प्लेअर उघडत नाही. अशी फाइलही ठेवा, त्याच फोनची दुसरी चांगली फाइल नमुना म्हणून देऊन अनट्रंक नावाचं टूल कधी कधी ती जोडून देतं. पेनड्राइव्ह फॅट32 या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर 4 जीबीच्या वरची फाइल त्यावर जातच नाही, हेही बघा.

काकूंचा दुसरा व्हिडिओ व्हीएलसीतही उघडेना. राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघितल्या तर लॅपटॉपवर 640 एमबी आणि सुनेच्या फोनमध्ये 2.1 जीबी, कॉपी होतानाच केबल निघाली होती. परत कॉपी केला, चालला. नाव ठेवतानाचा भाग त्यातच होता, आणि सून फोनमधली जागा करायला त्याच रात्री तो उडवणार होती.