चव्वेचाळीस फेरे

विमानयुद्धाचे गेम खेळणारे माझे सगळे दोस्त स्पिटफायर किंवा मस्टँग घेतात. मला मात्र कुणी विचारत नाही असलीच विमानं आवडतात. रुमानियाचं आयएआर ८०, पोलंडचं पी. ११, ऑस्ट्रेलियाचं बूमरँग. आता बूमरँग बघा. १९४२ साली घाईघाईनं उभं केलं, २५० बांधली, आणि हवेत शत्रूचं एकही विमान पाडल्याची त्याच्या नावावर नोंद नाही. वॉर थंडर नावाच्या गेममध्ये मी ही परंपरा निष्ठेनं पाळतो. त्यात माझ्याच बाजूचे गडी हे बुटकं धूड ओळखत नाहीत आणि आधी मलाच गोळ्या घालतात. "भावा, तू आपला हाईस व्हय?" हे नंतर विचारतात.

खरा छळ मात्र रशियाच्या आय-१६ चा. १९३३ च्या डिसेंबरात पहिल्यांदा उडालेलं, लाकडी अंगाचं, आखूड नाकाचं लढाऊ विमान. त्या काळात चाकं पोटात घेणारं म्हणजे लईच पुढारलेलं; पण ती घ्यायची हातानं! कॉकपिटमध्ये उजवीकडे हँडल, त्याचे ४४ फेरे. उजवा हात हँडलवर गेला की विमान वळवायचा दांडा डाव्या हातात, त्यामुळे विमान ताबूत नाचवल्यासारखं खालीवर. आयएल-२ नावाच्या जुन्या गेममध्ये हँडल नाही, पण शिक्षा तीच: एकच कळ दाबत राहायची. टक, टक, टक. चाकं अर्धी वर येईतो मागं जर्मनांचं मेसरश्मिट हजर.

एका रविवारी मामा जेवायला आले. उद्यमनगरात त्यांचं लेथचं वर्कशॉप. पांढरा रस्सा संपवून माझ्यामागं उभे राहिले.

"काय बडवायलाईस रं मगापासनं?"

"चाकं वर घेतोय, मामा."

"मोटर न्हाई?"

"नाही. ४४ फेरे मारायचे."

मामांचा चेहरा गंभीर झाला. मला वाटलं, आता म्हणतील की या वयात शोभत नाही. म्हणून मी घाईनं देशाभिमान काढला. आपल्या हवाई दलाच्या एक नंबर स्क्वाड्रननं १९४२ मध्ये ब्रह्मदेशात लायसँडर वापरली. टेहळणीचं संथ विमान, पण स्क्वाड्रनचे प्रमुख मजुमदार यांनी त्याला बाँब लावून जपानी तळावर हल्ला चढवला...

मामा ऐकतच नव्हते. "४४ म्हंजे गिअर बारीक धरलाय. ताकद कमी लागती, पण येळ जातोय. बरोबर हाय त्याचं," असं पुटपुटत त्यांनी खिशातनं व्हर्निअर काढला आणि माझ्या कीबोर्डची कळ मोजली. जेवायला येताना व्हर्निअर कोण आणतं?

पुढच्या रविवारी मामा एक जडशीळ लोखंडी हँडल घेऊन आले. एका फेऱ्याला कळ एकदा दाबली जाईल असा कॅम, दोन बेअरिंग, वर ग्रीस. जेवणाच्या टेबलाला भोकं पाडून बोल्ट आवळले तेव्हाच मला काही बोलायला हवं होतं. आता मी चाकं वर घेतो तेव्हा आमटी सांडते.

बायको दारात उभी राहून बघत होती. मामांचा पाना खाली ठेवून झाल्यावर म्हणाली, "मामा, बाकी फिट बसलंय. याच दांड्याला शेवयाचं मशीन जोडता येईल का? हे तसेही फिरवत बसणारच आहेत."

मामांनी परत व्हर्निअर काढला.