नवाच्या आत घरात, क्लास सव्वानऊला सुटतो

घरात पंधरा-सोळा वर्षांचं पोर असेल तर रात्री परतायची वेळ ठरवून द्यायलाच हवी. त्याला विचारत बसू नका. नऊ म्हणजे नऊ. का नऊ, असं त्याने विचारलंच तर 'आमच्या वेळी दिवेलागणीला घरात असायचो' एवढं पुरे.

वेळ ठरली की नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या क्लासची वर्षाची फी एकरकमी भरा. बॅच साडेसहा ते सव्वानऊची घ्या. घर सिडकोत असेल तर दुधात साखर. क्लास सुटल्यावर आडव्यातिडव्या लावलेल्या गाड्यांतून आपली काढायला दहा मिनिटं, सरांना एक डाउट विचारायला पाच, मायको सर्कलची गर्दी वेगळी. पोर पावणेदहाला दारात, आणि तुम्हाला ओरडायला रोज हक्काची पाऊण तासाची थकबाकी. क्लास सुटल्यावर अर्धा तास धरून वेळ ठरवणारे आणि क्लास नसेल त्या दिवशी वेगळी वेळ ठेवणारे पालकही असतात. त्यांच्याकडे रात्री भांडायला विषयच उरत नाही, बिचारे.

गाडीची चावी मात्र बिनदिक्कत द्या. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं, आणि पार्किंगमध्ये उभी असते 110ची. मोटार वाहन कायद्याच्या 2019च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द आणि पोराला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. असेना का. उशीर झाला त्याचं बोला. त्यासाठी दर मिनिटाला शिक्षा ठेवा, म्हणजे शेवटच्या दोन सिग्नलला तो थांबणार नाही. आणि नऊ वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी 'कुठे पोचलास?' असा फोन करत राहा. तो चालत्या गाडीवर, हेल्मेट वर सरकवून, उचलेल.

लोकेशन शेअर करायला लावाच. बॅटरी सेव्हर लागला की ठिपका जुन्याच जागी गोठतो, तळघरातल्या पार्किंगमधून दोन गल्ल्या पलीकडे उडी मारतो. तो नेमका गंगापूर रोडच्या एखाद्या कॅफेवर पडला तर पुराव्याची आणखी गरज नाही.

घरात मुलगी आणि मुलगा दोन्ही असतील तर नऊ सोडा; मुलीला आठ, मुलाला साडेदहा. तिने कारण विचारलं तर 'दिवस वाईट आहेत'. रस्त्यावरचे दिवस वाईट करणारे साडेदहापर्यंत बाहेर असतात आणि तेही कुणाच्या तरी घरचेच असतात, हे गणित घरात मांडू नये.

नवरात्रात सूट. कालिकेच्या यात्रेला रात्री अकराला सहकुटुंब चालतं.

पोर घरात शिरलं की तुमचं काम संपलं. मग पांघरुणात फोन घेऊन दोनपर्यंत जागू दे, बाहेर तर नाही ना! या वयात झोपेची चाहूलच शरीराला उशिरा लागते, झोप मात्र 8 ते 10 तास लागते आणि कॉलेज सकाळी सातचं असतं. हे डॉक्टरांनी बघावं.

शिक्षा एकच, पण जबर: महिनाभर बाहेर पाऊल टाकायचं नाही. दुसऱ्याच रात्री साडेनऊला घरातलं दही संपेल. तेव्हा पाठवा त्यालाच, येताना कोथिंबीरही सांगा.