हात वर करा, काका!

चाळिशी ते साठीच्या दरम्यान अनेकांचा एक खांदा कोणतीही पूर्वसूचना न देता संपावर जातो. या आजाराला ‘फ्रोझन शोल्डर’ हे नाव देणारे बोस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ सालीच हे दुखणे व्याख्येत बसवायला, बरे करायला आणि समजावून सांगायला अवघड असल्याचे लिहून ठेवले होते. मधुमेही मंडळींवर त्याचा विशेष लोभ असतो. मी वयाच्या आणि साखरेच्या अशा दोन्ही अटी पूर्ण करत असल्यामुळे माझी निवड बिनविरोध झाली.

सांध्याभोवतीचे आवरण सुजते, जाड होते आणि आक्रसते, एवढीच या दुखण्याची हकीकत. पण त्यामुळे मागच्या खिशातले पाकीट परक्याचे होते, शर्टाची दुसरी बाही गाठायला घरातल्या कोणाला तरी हाक मारावी लागते आणि रात्री त्या कुशीवर वळताच झोप उडते. नातेवाइकांनी नाना प्रकारची तेले सुचवली. एका हितचिंतकाने तर ‘एका झटक्यात मोकळा करून देणाऱ्या’ माणसाचा पत्ताही आणून दिला. अशा झटक्याने मुळात चिडलेला सांधा आणखी चिडतो आणि हात गळ्यात अडकवून स्वस्थ बसल्यास तो अधिकच आखडतो, असे अस्थिरोगतज्ज्ञांनी बजावले आणि मला फिजिओथेरपीला धाडले.

तिथली सुरुवात फसवी असते. गरम शेकाची पिशवी खांद्यावर ठेवून आपल्याला पडून राहायला सांगतात आणि आपणही उपचार हाच असावा अशा समजुतीने डोळे मिटतो. वास्तविक शेक ही केवळ पूर्वतयारी असते. त्यानंतर माझ्या मुलीच्या वयाची ती फिजिओथेरपिस्ट हसतमुखाने हात वर न्यायला लागते आणि ‘शून्य ते दहामध्ये किती दुखतंय, काका?’ असे विचारते. चार सांगितले तर ती आणखी वर नेते, नऊ सांगितले तर गुडघा बदललेल्या शेजारच्या आजी पडद्यापलीकडून खोकतात. आजींचा गुडघा त्याच आठवड्यात नव्वद अंशांपर्यंत वाकू लागला होता आणि हे त्यांनी दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितले होते.

भिंतीवर खाचा असलेली एक उभी पट्टी असते. तिच्यावर बोटांनी एकेक खाच चढत हात वर न्यायचा. मी अपेक्षेपेक्षा बराच वर पोहोचलो तेव्हा मला स्वतःचे फार कौतुक वाटले. परंतु तिने माझ्या खांद्याच्या पात्यावर तळवा ठेवला आणि खांदा उचकून, कमरेतून कलंडून मिळवलेली सगळी उंची एका क्षणात खाली आली. शरीर असे वाटेल त्या मार्गाने काम उरकते, त्यात भलतेच स्नायू राबतात आणि मग मान दुखू लागते. म्हणून ती कोनमापक लावून मोजते. सरळ बाजूने वर जाणारा हात १८० अंशांपर्यंत जायला हवा. माझ्या हाताने ८० अंशांवरच राजीनामा दिला होता.

घरचा अभ्यास वेगळाच. कॉडमन यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यायामात निरोगी हात टेबलावर टेकून कमरेत वाकायचे, दुखरा हात सैल सोडायचा आणि अंग हलवून त्याला लंबकाप्रमाणे झुलू द्यायचे. हे पाहून पत्नीने ‘काय हरवलंय?’ असे विचारले आणि तीही टेबलाखाली वाकून शोधू लागली. मात्र या दुखण्यात उतावीळ माणसाची डाळ शिजत नाही. ते ओसरायला एक ते तीन वर्षेही लागू शकतात आणि फिजिओथेरपी त्या काळात हालचाल टिकवते, हळूहळू वाढवते. चमत्काराचे आश्वासन ती देत नाही, हे मला तिच्याबद्दल सर्वांत विश्वासार्ह वाटले.

परवा कोनमापकाने १३० दाखवले. मी पेढ्यांचा विषय काढला, तर तिने आधी साखरेचा आकडा विचारला आणि मग दुसऱ्या खांद्याकडे मोर्चा वळवला. हे दुखणे पुढेमागे त्याही बाजूला येऊ शकते, तेव्हा त्याची हालचाल आणि ताकद आत्तापासूनच राखायची, असे सांगून तिने हिरवा रबरी पट्टा हाती दिला. तो सध्या शयनगृहाच्या दाराच्या मुठीला बांधलेला आहे आणि माझा व्यायाम चालू असताना आत-बाहेर करायचे झाल्यास घरच्यांना बाहेरून आवाज द्यावा लागतो.