टँकरवरची पाटी आणि बंबावरचा जवान

मी बीडच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. गेल्या महिन्यात अग्निशमन जवान, महामार्गावरील पोलीस आणि 108 रुग्णवाहिकेवरील कर्मचारी यांच्यापुढे दोन तास बोलण्याची संधी मिळाली. उलटलेल्या टँकरचे चित्र दाखवून "सर्वांत आधी काय कराल?" असे विचारताच मागच्या बाकावरून उत्तर आले, "पाणी मारायचं की, सर." त्या जवानाला दोष देववत नाही, कारण आपण त्याला आजवर तेवढेच शिकवले आहे.

घातक माल वाहणाऱ्या टँकरवर रसायनाचे नाव, चार आकडी क्रमांक आणि आपत्कालीन दूरध्वनी असलेली पाटी लावणे 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी बंधनकारक केले आहे. 1203 म्हणजे पेट्रोल आणि 1170 म्हणजे इथेनॉल. आपल्याकडे साखर कारखान्यांची दाटी असल्यामुळे धुळे-सोलापूर महामार्गावर दुसरा आकडा कधीही समोर येऊ शकतो, आणि तिथे फरक जिवावर बेतणारा असतो. इथेनॉल पाण्यात मिसळते, त्यामुळे पेट्रोलवर पसरून राहणारा, आग विझवण्याचा साधा फोम (फेस) त्यावर टिकत नाही. त्यासाठी अल्कोहोलला दाद न देणारा वेगळा फोम लागतो. शिवाय त्याची निळसर फिकट ज्योत मराठवाड्याच्या भर उन्हात जवळजवळ दिसतच नाही, म्हणजे आग विझली असे समजून जवान थेट तिच्यात पाऊल टाकू शकतो.

क्लोरीनची गोष्ट आणखी निराळी. जलशुद्धीकरण केंद्रावरील टोनरला, म्हणजे क्लोरीनच्या मोठ्या सिलिंडरला, गळती लागली, की गळतीच्या तोंडावरच पाणी सोडण्याचा मोह होतो. पण क्लोरीन आणि पाणी मिळून आम्ल तयार होते, ते धातू खाते आणि भोक मोठे होते. हा वायू हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असल्याने सखल भागात साचतो, म्हणून लोकांना वाऱ्याच्या दिशेला आडवे, उंचवट्याकडे न्यायचे असते.

वर्गात सर्वाधिक प्रश्न मात्र कीटकनाशकाच्या विषबाधेवर आले, हे आपल्या भागाचे दुर्दैव. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातले कीटकनाशक रुग्णाच्या भिजलेल्या कपड्यांतून आणि उलटीतून उचलणाऱ्याच्या कातडीतही शिरते, त्यामुळे हातमोजे घालणे, कपडे उतरवणे आणि अंग धुणे हाही उपचारच आहे. रुग्णवाहिकेवरील एक ताई म्हणाल्या, "नातेवाइकांना वाटतं, आम्ही उगाच वेळ घालवतोय."

माझे स्पष्ट मत आहे की हे शिक्षण कारखान्याच्या फाटकाआड होणाऱ्या, छायाचित्रांपुरत्या मॉक ड्रिलमधून बाहेर काढले पाहिजे. टँकरचालकाला घातक मालाचे प्रशिक्षण सक्तीचे आहे. त्याच्या अपघातस्थळी सर्वांत आधी पोहोचणाऱ्या हवालदाराला ते का नसावे? तेही मराठीत आणि त्याच्याच ठाण्यात मिळायला हवे. शंभर इंग्रजी स्लाइड दाखवण्यापेक्षा लांबून दुर्बिणीने पाटी वाचायला लावणे अधिक उपयोगी ठरेल.

मी पत्र्याच्या सहा पाट्या रंगवून घेतल्या आहेत. गाळप हंगाम सुरू होण्यापूर्वी एखाद्या ठाण्याच्या आवारात तासभर जागा मिळाली, तरी मी यायला तयार आहे.