चंदननगरवरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप असा, की बंगालमधल्या हुगळीकाठच्या जुन्या फ्रेंच वसाहतीवरच्या, चंदननगरवरच्या लेखात मी फ्रेंचांचे गोडवे गायले, क्रांतिकारकांना मिळालेल्या आसऱ्याचं श्रेय त्यांना दिलं आणि त्यांनी केलेल्या लुटीबद्दल चकार शब्द काढला नाही.

यातली लुटीची गोष्ट मला मान्य आहे. चंदननगरच्या धक्क्यावरून नुसतं कापड जात नव्हतं, माणसंही गुलाम म्हणून मॉरिशसकडे नेली जात. पुढे १८१५च्या कराराने फ्रेंचांनी इंग्रजांकडून वर्षाला ३०० पेट्या अफू मिळवण्याचा हक्क पदरात पाडून घेतला. हे लेखात यायलाच हवं होतं. मात्र लुटीचा हिशेब मांडायचाच तर नागपूरकर भोसल्यांच्या फौजांचाही मांडावा लागेल. बंगालच्या अंगाईत आजही ‘बर्गी’, म्हणजे लुटारू मराठा घोडेस्वार, येतात, ते आपलेच लोक.

आसऱ्याबद्दल मात्र तुमचं म्हणणं पटत नाही. फेब्रुवारी १९१०मध्ये अरविंद घोष कोलकात्याहून रात्रीच्या अंधारात होडीने चंदननगरला पोचले, तेव्हा त्यांना लपवलं ते मोतीलाल राय यांनी. जोखीम घेतली ती त्या गावच्या माणसाने. फ्रेंच झेंड्याचा उपयोग एवढाच, की इंग्रज पोलीस हद्दीशी अडायचे. आणि तेही नेहमी नाही. चितगावच्या शस्त्रागारावर हल्ला करणारे काही तरुण तिथे लपले होते. सप्टेंबर १९३०मध्ये कोलकात्याचे पोलीस आयुक्त टेगार्ट यांच्या पोलिसांनी त्या घरावर छापा घातला, आणि जीवन घोषाल हा कोवळा पोरगा गोळीबारात गेला. क्रांतिकारक कनाईलाल दत्त चंदननगरचाच. १९०८मध्ये फासावर चढला तेव्हा वीस वर्षांचा होता. ही नावं लिहिताना माझा हात थरथरतो, आणि त्यांच्या वाट्याचं श्रेय कुठल्याही गव्हर्नरला देणं मला जमणार नाही.

त्या गावाला बंगाली माणूस फरासडांगा म्हणतो. नाव फ्रेंचांवरून पडलं, पण तिथली नावाजलेली धोतरं विणली बंगाली विणकरांनी, आणि हुगळीकाठच्या त्या सुंदर रस्त्यापेक्षा मला हाच वारसा मोठा वाटतो. फ्रेंच हवेत की नकोत, हेही गावानेच सांगितलं. १९ जून १९४९च्या सार्वमतात भारतात जाण्याच्या बाजूने ७४६३ मतं पडली, विरुद्ध ११४. पुदुच्चेरी तेव्हा अजून फ्रेंचांकडेच होती.

गुलामांवरचा आणि अफूवरचा मजकूर आज रात्री लेखात घालतो. वाचून कळवा, त्यातही काही खटकलं तर नि:संकोच लिहा.