आर्माडिलो, त्याचं कवच आणि एक चुकीचा मेसेज

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर असा आहे: ‘धोका दिसताच आर्माडिलो अंगाचा चेंडू करतो. त्याच्या कवचाला बंदुकीची गोळीही भेदू शकत नाही. वजनामुळे तो पाण्यात बुडतो. त्याला हात लावला तर कुष्ठरोग होतो.’ सोबत बहुतेक वेळा फोटो असतो तो खवले मांजराचा. ते आपल्या कोकणातही आढळतं आणि त्याचे खवले निव्वळ केराटिनचे, म्हणजे नखांच्याच द्रव्याचे असतात. आर्माडिलो अमेरिका खंडातला प्राणी. त्याच्या कवचात खरं हाड असतं.

‘चेंडू करतो’. वीसहून अधिक जातींपैकी पूर्ण चेंडू जमतो तो फक्त दोघींना. दोन्ही दक्षिण अमेरिकेतल्या, तीन पट्ट्यांच्या. त्यांचं कवच कडेने अंगापासून सुटं असतं, म्हणून पाय आत घ्यायला जागा मिळते. डोक्यावरची आणि शेपटीवरची ढाल शेजारी-शेजारी बसून उरलेली फट बंद करतात. २०१४च्या ब्राझीलमधल्या फुटबॉल विश्वचषकाचा शुभंकर फुलेको यांच्यापैकीच एक. कोल्ह्यासारख्या प्राण्यापुढे ही युक्ती चालते, पण माणूस तो चेंडू सरळ उचलून पिशवीत टाकतो. शिकारीमुळे ही जात घटली, त्याचं हे एक मोठं कारण.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दिसणाऱ्या नऊपट्टी आर्माडिलोच्या खांद्यावरची आणि कमरेवरची ढाल मोठी, ताठ असते. मधले पट्टे ७ ते ११. एवढ्यावर चेंडू होत नाही. दचकला की तो जागच्या जागी सुमारे मीटरभर उंच उडतो. शिकारी प्राणी क्षणभर गोंधळतो आणि तेवढ्यात हा काटेरी झुडपांत पळतो. काट्यांपासून अंग वाचवण्यात कवचाचा खरा उपयोग. बिळात शिरल्यावर पाठीची कमान करून कवच छताला दाबतो आणि पाय जमिनीत रोवतो. मग शेपटी धरून ओढलं तरी सहजी निघत नाही. हीच उडी रस्त्यावर मात्र जीव घेते: चाकं दोन्ही बाजूंनी निघून गेली असती, पण वर उडाल्यामुळे तो गाडीच्या तळाला आदळतो.

‘गोळी भेदत नाही’. कातडीतच तयार झालेल्या हाडांच्या छोट्या पट्टिका आणि त्यांवर केराटिनचा पातळ थर, एवढंच ते कवच. जाडी काही मिलिमीटर. पोट तर उघडंच, केस आणि कातडी. पिल्लांचं कवच सुरुवातीला मऊ चामड्यासारखं असतं. जग्वार आणि मगरीच्या जातीतला अ‍ॅलिगेटर मोठ्यांचंही कवच फोडतात. या अफवेला बळ दिलं ते २०१५च्या दोन बातम्यांनी. टेक्ससमध्ये गोळी उलटून झाडणाऱ्याच्याच जबड्याला लागली. जॉर्जियात गोळी उसळून घरातल्या बाईला लागली, पण तिथे आर्माडिलो त्याच गोळीने मेला होता! तिरकी लागलेली गोळी दगडावरूनही उसळते.

‘बुडतो’. अर्धं खरं. ओढा लहान असेल तर श्वास रोखून तो तळावरून चालत जातो. पाचसहा मिनिटं त्याला जमतं. पात्र रुंद असेल तर हवा गिळून जठर आणि आतडी फुगवतो आणि पोहतो.

‘हात लावला की कुष्ठरोग’. या वाक्याने सर्वांत जास्त नुकसान होतं. नऊपट्टीचं शरीर ३३ ते ३५ अंश सेल्सिअस, सस्तन प्राण्यांत थंडच. कुष्ठरोगाच्या जंतूला असंच तापमान मानवतं. १९७१ साली कर्चहायमर आणि स्टॉर्स यांनी या प्राण्यात जंतूची वाढ करून दाखवली आणि संशोधनाला मोठा आधार मिळाला. संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागात काही रुग्णांत आणि आर्माडिलोंत जंतूचा एकच प्रकार सापडल्याचं २०११ साली प्रसिद्ध झालं, म्हणजे संसर्ग होऊ शकतो. पण धोका आहे तो शिकार करणाऱ्यांना, सोलणाऱ्यांना आणि नीट न शिजवलेलं मांस खाणाऱ्यांना. बहुतेक माणसांत या जंतूविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते. शिवाय हा जंतू अमेरिकेत नेला तो युरोपातून आलेल्या माणसांनी. आर्माडिलोला तो माणसाकडून लागला.

भारतात आर्माडिलो रानात नाहीतच. इथे हा रोग पसरतो उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ, निकट सहवासातून, तोही सावकाश. बहुविध औषधोपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो, प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने चालतो, आणि औषधं सुरू झाली की रुग्णाकडून संसर्ग लवकरच थांबतो.