साहित्य अधिक तास : चित्राच्या किमतीचं फसवं गणित

‘साहित्याचा खर्च, अधिक लागलेले तास गुणिले ताशी दर, ही चित्राची खरी किंमत. याहून जास्त मागणारा चित्रकार गिऱ्हाइकाला टोपी घालतोय. गॅलरीचं कमिशन म्हणजे निव्वळ दलाली. आणि चित्र खपत नसेल तर सरळ भाव उतरवावा.’ हा मजकूर चित्रकारांच्या ग्रुपवर इतक्यांदा येऊन गेलाय की आता पाठ झालाय. पुढे ढकलणाऱ्यांत स्वतः ब्रश धरणारेही असतात, याचं जास्त वाईट वाटतं.

आधी तासांचं बघू. जलरंगात आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, द्यायचा तर कागद भिजवून त्यावरची चकाकी उतरायची वाट बघावी लागते. ओल नेमकी असताना रुंद ब्रशने रंग एका दमात खाली आणायचा. जरा उशीर झाला की पाणी मागे सरकतं आणि कडा धरलेले डाग उठतात. तयार हात हे काम वीस मिनिटांत उरकतो. शिकाऊ माणूस त्याच आकाशावर दिवसभर घासतो आणि कागदाची साल काढतो. सूत्राप्रमाणे महाग चित्र कुणाचं? शिकाऊचं! शिवाय त्या एका आकाशाआधी माझे चार-पाच कागद केराच्या टोपलीत गेलेले असतात. ते तास कुणाच्या खात्यात घालायचे?

हा वाद कोर्टातही जाऊन आला आहे. चित्रकार व्हिसलर यांनी रात्रीच्या आकाशातल्या आतषबाजीच्या चित्राला 200 गिनी (जुनं इंग्रजी चलन) मागितल्या. लोकांच्या तोंडावर रंगाचा डबा फेकण्याचे एवढे पैसे, असं समीक्षक रस्किन यांनी 1877 मध्ये लिहिलं आणि व्हिसलर यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. 1878 च्या सुनावणीत रस्किन यांच्या वकिलाने विचारलं, दोन दिवसांच्या श्रमाचे 200 गिनी मागता? व्हिसलर यांचं उत्तर होतं की नाही, आयुष्यभराच्या ज्ञानाचे मागतो. दावा ते जिंकले, पण भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. आणि पुढच्याच वर्षी त्यांचं दिवाळं निघालं.

किमतीत साहित्याचं वजन एके काळी खरंच मोठं होतं. फ्लॉरेन्सचे चित्रकार घिर्लांडायो यांच्या 1485 च्या करारात निळा रंग औंसाला सुमारे चार फ्लोरिन (तिथलं सोन्याचं नाणं) किमतीचाच हवा, अशी अट आहे. अख्ख्या चित्राचे ठरले होते 115 फ्लोरिन. आज कॅडमियम या धातूपासून केलेले रंग आणि कॅनव्हासचं चांगलं लिनन कापड महाग असलं, तरी किंमत त्यावरून ठरत नाही.

मग ठरते कशावरून? बरेच जण आकारावरून ठरवतात. कुणी चौरस इंचाला दर लावतं, कुणी लांबी आणि रुंदीची बेरीज करून त्या इंचांना. यात फरक मोठा पडतो. 12 बाय 16 चं चित्र 192 चौरस इंचांचं, 24 बाय 36 चं 864, म्हणजे साडेचार पट. बेरजेने पाहिलं तर 28 आणि 60, दुपटीहून जरासं जास्त. पहिल्या रीतीत मोठी चित्रं आवाक्याबाहेर जातात किंवा छोटी फुकटात. मी बेरजेवर चालतो. मूळ दर आपल्यासारखंच काम, आपल्याइतकीच वर्षं केलेल्यांकडे बघून ठरवायचा. प्रदर्शनातली बहुतेक चित्रं विकली जाऊ लागली की थोडा वाढवायचा.

उतरवायचा मात्र नाही. मी एकदा उतरवला होता. वर्षभरापूर्वी तेवढ्याच आकाराचं चित्र पूर्ण भावाने घेतलेल्या एका बाईंनी शांतपणे विचारलं, ‘तेव्हा मी जास्त दिले, की हे चित्र कमी चांगलंय?’ दोन्हीचं उत्तर ‘नाही’ होतं आणि ते त्यांना पटवून देता येईना. हातात पैसा हवा असेल तर लहान चित्रं करावीत, अभ्यासाची रेखाटनं किंवा प्रिंट विकावेत.

गॅलरीचं कमिशन बहुधा चाळीस ते पन्नास टक्के असतं, आणि मलाही ते देताना बोचतं. पण भाडं, दिवे, विमा, घेणारी माणसं जमवणं हे सगळं त्यातच येतं. गॅलरीतलं चित्र स्टुडिओत अर्ध्यात विकलं तर ती गॅलरी पुन्हा दारात उभं करणार नाही. दोन्हीकडे भाव एकच हवा. स्टुडिओतून विकताना विक्रीची ती कामं आपणच केलेली असतात.

सूत्र अगदीच टाकाऊ नाही. सांगून करून घेतलेल्या कामात, विशेषतः पोर्ट्रेटमध्ये, बदल सुचवले जात राहतात. तिथे तास मोजले नाहीत तर पदरचे पैसे घालायची वेळ येते. एरवीही मी तास वहीत टिपतो, पण ते तसलं काम पुन्हा घ्यायचं की नाही एवढंच ठरवायला.